हलणारा हूक, उलटे आकडे

मोजायच्या टेपच्या टोकाला पत्र्याचा छोटा हूक असतो. तो हलतो. नवी टेप घेतलेल्या माणसाच्या हे लक्षात आलं की तो दुकानात परत येतो आणि तक्रार करतो, "टेप खराब दिलीत, हूक ढिला आहे." काही जण परत येतच नाहीत. ते घरीच रिवेटवर हातोडीचे दोन ठोके देतात, नाहीतर एम-सीलचा गोळा लावून हूक पक्का करून टाकतात. तेव्हापासून चांगली टेप कायमची खोटं माप दाखवू लागते.

हूक हलावा म्हणूनच त्याच्या रिवेटची भोकं लांबट ठेवलेली असतात. तो बरोबर स्वतःच्या जाडीइतका, साधारण एक मिलिमीटर हलतो. फळीच्या कडेला हूक अडकवून टेप ओढली की हूक बाहेर सरकतो आणि माप त्याच्या आतल्या बाजूपासून सुरू होतं. तीच टेप खिडकीच्या चौकटीत आतून टेकवून दाबली की हूक मागे सरकतो आणि माप त्याच्या बाहेरच्या बाजूपासून सुरू होतं. दोन्ही वेळा शून्य आपल्या जागी राहतं. ठोकून बसवलेला हूक या दोनपैकी एका मापात दर वेळी चूक करतो. चौकटीत बसवायची काच कापताना एवढी चूक पुरेशी होते, कारण काच कमी भरली तर ती वाढवता येत नाही. बऱ्याच टेपांच्या डबीवर डबीची लांबीही लिहिलेली असते. कपाटाच्या आतलं माप घेताना टेप कोपऱ्यात वाकवून अंदाज बांधायची गरज नसते. डबी भिंतीला टेकवायची आणि तो आकडा मापात मिळवायचा. रोज टेप हाताळणाऱ्यांपैकीही अनेकांनी तो आकडा कधी वाचलेला नसतो.

हत्यारांबद्दलचे असे गैरसमज हसण्यावारी नेले जातात. वर्कशॉपमध्ये नवा आलेला हेल्पर चुकतो, जुने फिटर हसतात आणि तो पुढच्या वेळी विचारायचंच टाळतो. यातल्या बहुतेक चुकांचा बुद्धीशी संबंध नाही. हत्यार घडवणाऱ्याने काही विचार करून ते तसं केलेलं असतं, पण तो विचार हत्यारावर लिहिलेला नसतो. हातात घेणारा आपल्या अनुभवावरून वेगळाच अंदाज बांधतो. तो अंदाज अनेकदा अगदी शहाणपणाचा असतो, फक्त चुकीचा असतो.

महाराष्ट्राच्या उद्योगाच्या इतिहासातली एक गाजलेली गोष्ट अशाच गैरसमजाची आहे. बेळगावात सायकलींचं दुकान चालवता चालवता लक्ष्मणराव किर्लोस्कर कडबा कापायची यंत्रं आणि लोखंडी नांगर बनवू लागले. नांगर लाकडी नांगरापेक्षा खोल जाणारा, मजबूत होता. पण शेतकरी तो घेईनात. लोखंडामुळे जमीन विषारी होते, अशी त्यांची समजूत होती. पहिला नांगर विकायला लक्ष्मणरावांना दोन वर्षं लागली, असं सांगितलं जातं. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली आणि तिथल्या कारखान्याचे नांगर गावोगाव पोचले. ही समजूत फक्त इथल्या शेतकऱ्यांची होती असंही नाही. अमेरिकेत न्यू जर्सीच्या चार्ल्स न्यूबोल्डने १७९७ मध्ये ओतीव लोखंडाच्या नांगराचं पेटंट घेतलं, तेव्हा तिथल्या शेतकऱ्यांनीही लोखंड जमिनीत विष कालवतं म्हणून तो नाकारला होता. दोन खंडांतल्या, एकमेकांचं नावही न ऐकलेल्या माणसांनी एकच शंका घेतली. नवं हत्यार रोजच्या पोटापाण्याच्या जमिनीत घालायचं, तर शंका येणारच. त्यांना अडाणी म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण न्याय्य नाही.

आजचे गैरसमज जास्त करून आकड्यांभोवती फिरतात. मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर किंवा पुण्याच्या बोहरी आळीत हार्डवेअरच्या दुकानासमोर थोडा वेळ उभं राहिलं की ते कानावर पडतात. लोखंडी कपाट करून घेणारं गिऱ्हाईक सांगतं, "वीस नको, चांगला बावीस गेजचा पत्रा वापरा." जास्त आकडा म्हणजे जास्त जाड, असा त्याचा साधा हिशोब. गेजमध्ये हे बरोबर उलटं असतं. ब्रिटिशांच्या स्टँडर्ड वायर गेजनुसार १८ गेज म्हणजे सुमारे १.२ मिलिमीटर, २० गेज म्हणजे ०.९ आणि २२ गेज म्हणजे जेमतेम ०.७ मिलिमीटर. जास्त पैसे मोजायची तयारी असलेलं गिऱ्हाईक आपल्या तोंडाने पातळ पत्रा मागून मोकळं होतं.

आकडा उलटा का, याचं उत्तर तार ओढण्याच्या धंद्यात आहे. जाड तार क्रमाने लहान होत जाणाऱ्या भोकांतून ओढत ओढत बारीक करतात. जितक्या जास्त वेळा ओढली तितकी ती बारीक आणि तितका तिचा क्रमांक मोठा. इंग्लंडात प्रत्येक गावाचा, प्रत्येक कारखान्याचा गेज वेगळा होता. तो गोंधळ मिटवायला १८८४ पासून एक प्रमाण गेज लागू झाला आणि तोच आपल्याकडे आला. तारेसाठी जन्मलेला आकडा पत्र्यालाही चिकटला. मोटर रिवाइंडिंगची तांब्याची तार याच मापाने मिळते. दवाखान्यातल्या इंजेक्शनच्या सुयांचा गेज वेगळा असला तरी क्रम तोच: मोठा आकडा, बारीक सुई. पत्रा घेताना गेज बोलण्यापेक्षा मिलिमीटरमध्ये जाडी सांगावी आणि कडेला व्हर्नियर लावून पाहावं. मिलिमीटरच्या आकड्याचा उलटा अर्थ निघत नाही.

पॉलिश पेपरची गंमत आणखी वेगळी आहे, कारण तिथे दोन पद्धती एकमेकींच्या उलट चालतात आणि दोन्ही अजून तोंडात आहेत. जुन्या पद्धतीत झिरो नंबर म्हणजे बारीक, एक नंबर त्याहून खरखरीत, दोन नंबर आणखी खरखरीत. आजच्या पेपरांच्या पाठीवर ८०, १२०, २२०, ४०० असे आकडे असतात आणि ते उलट्या दिशेने जातात. हा आकडा दाणे गाळणाऱ्या चाळणीचा आहे. एका इंचात जितकी जास्त भोकं, तितकी ती बारीक आणि तिच्यातून पडणारा दाणाही बारीक. म्हणून ८० नंबर लाकूड खातो आणि ४०० नंबर ते गुळगुळीत करतो. जुन्या सुताराकडे शिकलेला माणूस नव्या दुकानात "सर्वात लहान नंबर द्या" म्हणाला, तर त्याच्या टेबलाच्या पॉलिशवर ओरखडे उठलेच म्हणून समजा.

या कागदाला इंग्रजीत वाळूचं नाव आहे, पण त्यात वाळू नसते. गार्नेट, ॲल्युमिनियम ऑक्साइड किंवा सिलिकॉन कार्बाइडचे दाणे असतात. सिलिकॉन कार्बाइडचं पेटंट एडवर्ड ॲचेसनने १८९३ मध्ये घेतलं. दुकानात 'वॉटर पेपर' म्हणून मिळणारा काळा कागद याच दाण्यांचा असतो. तो पाण्यात भिजवून घासायचा असतो, म्हणजे निघालेली भुकटी वाहून जाते आणि दाणे मोकळे राहतात. कागद भिजला तर फाटेल या भीतीने बरेच जण तो कोरडाच घासतात. थोड्याच वेळात तो भरून गुळगुळीत होतो आणि मग कागदाच्या नावाने खडे फोडले जातात.

पान्यावरचा आकडाही असाच फसवतो. "तेरा नंबरचा बोल्ट द्या," असं म्हणणारं गिऱ्हाईक दुकानदाराला नवीन नाही. पान्यावरचा १३ हा बोल्टच्या डोक्याच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर सांगतो. त्या डोक्याखालचा बोल्ट ८ मिलिमीटरचा असतो. दहाचा पाना ६ मिलिमीटरच्या बोल्टला लागतो. जुन्या माणसांचा गोंधळ उलट बाजूने होतो, त्यालाही कारण आहे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये इंग्लंडात आट्यांचं माप ठरवलं, आणि त्या पद्धतीच्या पान्यांवर बोल्टची जाडी कोरलेली असायची. अर्ध्या इंचाच्या पान्याचा जबडा अर्ध्या इंचाहून बराच मोठा असायचा. रेल्वेच्या, कापड गिरण्यांच्या आणि साखर कारखान्यांच्या जुन्या यंत्रांवर काम केलेल्या फिटरच्या हाताला ती भाषा ठाऊक होती. त्यात मिस्त्री लोकांचं सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, अजून चालू आहे. एकाच पेटीत तीन हिशोबांचे पाने पडलेले असतात आणि 'जवळपास बसतो' तो पाना लावून बोल्टचे कोपरे गोल केले जातात.

स्क्रू पान्याला दिशा असते, हेही कुणी सांगत नाही. त्याचा एक जबडा पक्का आणि एक सरकता. ताकद पक्क्या जबड्यावर यायला हवी, म्हणून पाना सरकत्या जबड्याच्या दिशेने फिरवायचा असतो. उलटा धरला तर सरकता जबडा उघडत जातो, पाना सटकतो आणि बोटांची सालं निघतात.

पेचकसाच्या बाबतीत तर गैरसमज इतका पक्का आहे की तो गैरसमज आहे हेच कुणाला वाटत नाही. अधिकच्या खुणेसारखी खाच दिसली की तो 'स्टार' स्क्रू आणि हाताला लागेल तो 'स्टार' पेचकस त्याला चालतो, अशी सार्वत्रिक समजूत आहे. ही खाच अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या हेन्री फिलिप्सच्या नावाने ओळखली जाते. मूळ कल्पना त्याच गावच्या जॉन थॉम्पसनची. फिलिप्सने तिचे हक्क घेऊन ती सुधारली आणि १९३६ मध्ये पेटंट मिळवलं. कॅडिलॅक मोटारींच्या जुळणीत ती लगेच वापरात आली. पेचकस आपोआप मध्यभागी बसतो हा तिचा मोठा फायदा. जास्त जोर झाला की पेचकस वर सरकून बाहेर पडतो, तो मुद्दाम तसाच बनवलाय अशी एक कथा सांगतात, पण फिलिप्सच्या सुरुवातीच्या पेटंटांत असा हेतू लिहिलेला नाही.

नंतर तशाच दिसणाऱ्या आणखी खाचा आल्या. युरोपियन पद्धतीच्या मॉड्युलर किचनमधल्या बिजागऱ्यांचे स्क्रू नीट पाहिले तर मोठ्या चार रेघांच्या मध्ये चार बारीक रेघा दिसतात. ती पोझिड्राइव्ह खाच; तिचा पेचकस निराळा मिळतो. आणि जपानी यंत्रांवरचे स्क्रू जपानच्या स्वतःच्या मानकाप्रमाणे बनलेले असत. त्यांची खाच थोडी वेगळ्या घडणीची असते आणि अनेकदा तिच्या शेजारी एक बारीक टिंब असतं. जपानी बनावटीच्या जुन्या मोटारसायकलींच्या इंजिनाची झाकणं अशाच स्क्रूंनी बसवलेली असत. त्यात फिलिप्सचा पेचकस तळाशी पोचत नाही, अर्धवट अडतो आणि खाच झिजवतो. गॅरेजमध्ये आलेल्या किती गाड्यांच्या झाकणांवर छिन्नीचे घाव दिसतात! दोष दिला जातो तो 'मऊ' स्क्रूला. अडकलेल्या स्क्रूसाठी योग्य बिट आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर ही जोडी असते, आणि ती एका नव्या झाकणापेक्षा स्वस्त पडते.

आटे सैल करायचे म्हणजे डावीकडे फिरवायचं, हा नियम बहुतेक वेळा खरा असतो, म्हणूनच अपवाद महाग पडतात. सायकलच्या डाव्या पायडलला उलटे आटे असतात, नाहीतर चालवताना ते सैल होत जाईल. टेबल फॅनच्या पात्याचं समोरचं बोंडूक, ग्राइंडिंग मशीनच्या डाव्या बाजूचा नट, हेही उलटे. पातं किंवा चाक ज्या दिशेने फिरतं त्या फिरण्यानेच नट घट्ट होत राहावा, अशी ती योजना आहे. गॅस वेल्डिंगच्या ॲसिटिलीनच्या जोडणीला उलटे आटे असतात आणि नटाच्या कोपऱ्यांवर खाचा असतात; ऑक्सिजनच्या जोडणीला सरळ आटे. ऑक्सिजनच्या काळ्या सिलिंडरची नळी ॲसिटिलीनच्या मरून सिलिंडरला चुकूनही बसू नये, यासाठी ही काळजी. आटे बसेनात म्हणून काही जण तिथे थोडं तेल किंवा ग्रीस लावायला जातात. ऑक्सिजनच्या व्हॉल्व्हला तेलाचा थेंबही लागता कामा नये. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल आपोआप पेटू शकतं.

काही चुका मात्र लगेच सुधारण्यासारख्या आहेत. हॅक्सॉच्या ब्लेडचे दात मुठीपासून पुढे रोखलेले हवेत, कारण ती पुढे ढकलताना कापते. ब्लेडवर बाण छापलेला असतो. कानसही पुढे जातानाच कापते, मागे आणताना दाबली तर तिचेच दात बोथट होतात. ड्रिल मशीनला मागे-पुढे फिरण्याचं बटण असतं, ते उलट्या बाजूला राहिलं तर लाकडातून धूर येतो, लोखंडावर नुसता डाग पडतो आणि बिट निळं पडतं. पाणसळीच्या काचनळीत पाणी नसतं, अल्कोहोल किंवा हलकं तेल असतं. पाण्यापेक्षा त्यात बुडबुडा मोकळेपणाने सरकतो. ती पाणसळ खरी आहे का हे पाहायला दुसरी पाणसळ लागत नाही. तीच उलटसुलट फिरवून त्याच जागी ठेवायची आणि बुडबुडा तिथेच राहतो का ते बघायचं.

डब्यांतल्या आणि ट्यूबमधल्या मालाकडे वळलं की गैरसमजांचं पीक आणखी दाट दिसतं. डब्ल्यूडी-४० या निळ्यापिवळ्या डब्याला आज सर्व रोगांवरचं औषध मानलं जातं. अमेरिकेच्या सॅन डिएगोमधल्या रॉकेट केमिकल कंपनीने १९५३ मध्ये ते बनवलं, ते ॲटलस क्षेपणास्त्राच्या पातळ पत्र्याला गंज लागू नये म्हणून. नावातली दोन अक्षरं पाणी हटवण्याची आणि चाळीस हा चाळिसाव्या प्रयत्नाचा. गंजलेला नट सोडवायला, ओल हटवायला ते उत्तम आहे. त्यात हलकं वंगणही असतं, पण पातळ. सायकलच्या साखळीवर किंवा दाराच्या जड बिजागरीवर ते मारून निर्धास्त राहिलं तर थोड्या दिवसांत पुन्हा कुरकुर सुरू होते, कारण आधीचं जाड तेलही त्याने धुऊन नेलेलं असतं. तिथे तेल किंवा ग्रीसच हवं.

आपल्या घरात तेल म्हटलं की खोबरेल पुढे येतं. शिलाई मशीनला खोबरेल घालायची पद्धत कितीतरी घरांत होती. सुमारे २४ अंशांखाली ते गोठतं. पुण्या-नाशिकच्या थंडीत सकाळी मशीन जड चालतं आणि शिवणाऱ्या बाईला वाटतं, मशीन म्हातारं झालं. गोडेतेल घातलं तर हवेने त्याची चिकट राळ होते. शिलाई मशीनचं तेल खनिज तेल असतं, त्याचं असं होत नाही. कुलपाला तर तेलही नको. त्यात धूळ चिकटते, म्हणून ग्रॅफाइटची पूड वापरतात. पेन्सिलीतलं 'शिसं' म्हणतात ते खरं तर हेच ग्रॅफाइट.

अराल्डाइटसारख्या दोन ट्यूबच्या गोंदाबद्दलची चूक फार सहज होते. लवकर घट्ट व्हावं म्हणून हार्डनर थोडा जास्त पिळला जातो. पण इपॉक्सीत हार्डनर हा वेग वाढवणारा मसाला नाही, तो गोंदाचा अर्धा जीव आहे. दोन्ही द्रव्यं एकमेकांशी ठरावीक प्रमाणातच जुळतात. उरलेला जादा हार्डनर तसाच राहतो आणि जोड मऊ, चिकट राहतो. सांगितलेलं प्रमाण, पूर्ण मिसळणं आणि थोडी ऊब, एवढंच उपयोगी पडतं. फेविक्विकच्या जातीच्या गोंदाचं वेगळं. ते हवेतल्या दमटपणाने घट्ट होतं आणि पातळ थर असेल तरच लवकर घट्ट होतं. मोठा थेंब ओतला की वरून कडक, आत ओलं. हे सांडलं तर सुती फडक्याने पुसायला जाऊ नये. कापसाशी त्याची प्रक्रिया इतकी वेगाने होते की फडकं तापून हात भाजू शकतो.

नळाच्या आट्यांवर गुंडाळायची पांढरी टेफ्लॉन टेप 'चिकटवण्यासाठी' असते, असं बऱ्याच जणांना वाटतं. ती कशालाच चिकटत नाही. रॉय प्लंकेटला १९३८ मध्ये अचानक सापडलेल्या या पदार्थाचा मोठा गुणच न चिकटणं हा आहे. तिच्यामुळे आटे घसरून आणखी खोल बसतात आणि उरलेली फट भरते. जुने प्लंबर जे धागा आणि सफेदा लावून करायचे, तेच काम. ती नळ आवळण्याच्या दिशेने गुंडाळली नाही तर आवळताना उलगडून गोळा होते. आणि प्लास्टिकच्या जोडणीवर "जास्त गुंडाळली तर बरं" म्हणून पंधरा-वीस फेरे दिले तर जोडणीच फुटते.

रंगाच्या बाबतीत एक दृश्य महाराष्ट्रभर दिसतं: नवी कोरी खिडकीची जाळी, नुसती लाल. फॅब्रिकेटर रेड ऑक्साइड मारून जातो, मालक म्हणतो, "गंजापासून सुटका झाली, वरचा रंग दिवाळीला देऊ." मध्ये पावसाळा येतो आणि जाळी आतून गंजते. प्रायमर वरच्या रंगाला धरून ठेवण्यासाठी असतो. त्याचा थर सच्छिद्र असतो आणि त्यातून पाणी आत जातं. वरचा रंग त्याच आठवड्यात द्यायला हवा.

स्टीलच्या दुकानात गिऱ्हाईक खिशातून लोहचुंबक काढतं. चिकटलं नाही की स्टेनलेस स्टील 'अस्सल', चिकटलं की 'नकली', हा ठाम निकाल. त्याच्यामुळे रोज लोक फसतात. ३०४ प्रतीच्या पोलादात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं आणि ते चुंबकाला चिकटत नाही, हे खरं. पण निकेल कमी करून मँगनीज घातलेलं स्वस्त २०१ किंवा २०२ प्रतीचं पोलादही चिकटत नाही. उलट ४३० प्रतीचं पोलाद चिकटतं आणि तेही पूर्ण अस्सल स्टेनलेस असतं. चुंबकाने प्रत कळत नाही. रत्नागिरी, मालवण किंवा पणजीच्या खाऱ्या वाऱ्यात २०२ चं रेलिंग बसवलं की लवकरच त्यावर तांबूस ठिपके येतात. समुद्राजवळ मॉलिब्डेनम असलेलं ३१६ प्रतीचं पोलाद मागावं आणि बिलावर प्रत लिहून घ्यावी.

इथवरच्या बहुतेक चुकांनी पैसे जातात. पुढच्या चुकांनी माणूस जाऊ शकतो.

प्रत्येक घरात असलेला टेस्टर घ्या. "टेस्टर पेटला नाही, म्हणजे करंट नाही," या भरवशावर माणसं तारेला हात घालतात. टेस्टरच्या आतला निऑनचा दिवा फुटलेला असू शकतो. टेस्टरमधून अगदी थोडा, एक मिलिअँपिअरहूनही कमी प्रवाह माणसाच्या शरीरातून जमिनीत जातो, तेव्हा दिवा लागतो. कोरड्या लाकडी स्टुलावर उभं राहिलं तर तो इतका मंद लागतो की उजेडात दिसत नाही. उलटही घडतं: न्यूट्रल तुटलेला असेल तर न्यूट्रलच्या भोकातही दिवा पेटतो. टेस्टर आधी चालू असल्याची खात्री असलेल्या जागी लावून पाहायचा, मग हव्या त्या जागी, आणि शेवटी पुन्हा पहिल्या जागी. आणि मेन स्विच बंद करणं हे टेस्टर लावूनही टाळायचं नाही.

ग्राइंडरबद्दलचा गैरसमज सर्वात घातक आहे. चार इंची हातग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. मोठी डिस्क लावली तर काम लवकर होईल म्हणून त्याचं लोखंडी आवरण काढून सात इंची डिस्क बसवणारे कारागीर आहेत. सात इंची डिस्कवर कमाल ८,५०० फेरे असं स्पष्ट छापलेलं असतं, कारण तिची कड सेकंदाला ८० मीटरपेक्षा जास्त वेगाने फिरू नये. ११,००० फेऱ्यांवर तो वेग शंभर मीटरच्या पुढे जातो आणि डिस्क फुटली तर तिचे तुकडे अडवायला आवरणही नसतं. डिस्कच्या मधल्या पत्र्याच्या कडीवर मुदत संपण्याचा महिना आणि वर्ष असतं, हे तर फार थोड्यांना माहीत आहे. तिचे दाणे रेझिनने बांधलेले असतात आणि ते काळाने, ओलीने कमजोर होतं. कोकणातल्या दमट शेडमध्ये पडून राहिलेली जुनी डिस्क नवी दिसली तरी नवी नसते.

सुरक्षेसाठी म्हणून घातलेले सुती हातमोजेही ड्रिल मशीन किंवा लेथवर धोक्याचे ठरतात. फिरत्या बिटाने मोज्याचा एक धागा पकडला की हात आत ओढला जातो. आयटीआयमध्ये हे पहिल्याच काही तासांत शिकवतात, बाहेरच्या शेडमध्ये नाही. वेल्डिंगला साधा काळा चष्मा लावणाऱ्यांची संख्याही मोठी आहे. त्याने उजेड कमी दिसतो, पण अतिनील किरण डोळ्याच्या बाहुलीवरचा पडदा भाजू शकतात. दिवसभर काही होत नाही. रात्री डोळ्यांत वाळू खुपल्यासारखं होतं आणि मग बटाट्याच्या चकत्या शोधल्या जातात. चकतीने गार वाटतं, भाजलेला पडदा बरा होत नाही. योग्य काचेचा वेल्डिंगचा मुखवटा हाच उपाय आणि त्रास झाला तर डोळ्यांचे डॉक्टर.

कोल्हापूरच्या फाउंड्रींपासून दगडखाणींपर्यंत आणखी एक समज चालत आलेला आहे: धुळीच्या कामानंतर गूळ खाल्ला की पोटात गेलेली धूळ निघून जाते. गूळ अन्ननलिकेतून पोटात जातो. सिलिकाची जी धूळ माणसाला मारते ती डोळ्याला न दिसण्याइतकी बारीक असते, श्वासाबरोबर फुफ्फुसात जाऊन बसते आणि तिथून सिलिकोसिस होतो. तो बरा होत नाही. गुळाला विरोध करायचं कारण नाही, पण गुळाचा खडा दिला म्हणून मास्क आणि धूळ ओढून घेणारं यंत्र न देणाऱ्या मालकाला माफ करायचंही कारण नाही.

यातली बहुतेक माहिती वस्तूवर किंवा तिच्या खोक्यावर छापलेली असते, पण बारीक अक्षरांत आणि इंग्रजीत. ती वापरणारे हात मराठी, हिंदी, कानडी बोलतात. महाराष्ट्रात माल विकणाऱ्या कंपन्यांनी डिस्कचा वेग, मुदत, गोंदाचं प्रमाण आणि धोक्याच्या सूचना ठळक मराठीत छापल्या पाहिजेत. तोवर हे काम जुन्या फिटरांकडे, मिस्त्रींकडे आणि दुकानदारांकडे आहे. ब्लेड कुठल्या बाजूने लावायचं असं एखाद्या नव्या मुलाने विचारलं, तर हसू नका. बाण दाखवा आणि तो तिकडेच का आहे, हेही सांगा.